मोठे इंजेक्शन दिले नाही म्हणून उपचार कमी पडला का?

दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. त्यांचे सासरे, वय ६८, मधुमेहाचे जुने रुग्ण, पौषातल्या एका रात्री लाईन आली म्हणून हरभऱ्याला ओलीत करायला गेले आणि दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून तापाने फणफणले. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी तीन दिवस सुई लावली, मेडिकलमधून काही कॅप्सूल आणल्या. परंतु चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली आणि ते असंबद्ध बोलू लागले, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात भरती केले. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. ऑक्सिजन, शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन आणि सोबत अॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक, म्हणजे जिवाणू मारणारी औषधे सुरू झाली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी इंजेक्शन थांबवून अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलानिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या, सहाव्या दिवशी सुट्टी झाली आणि एकूण सात दिवसांनी औषध बंद झाले. आता सुट्टी होऊन दहा दिवस झाले आहेत. खोकला आहे, अशक्तपणा आहे, आणि सुट्टीच्या दिवशीच्या फोटोतही डाग दिसतच होता. शेजारच्या गावातील एका रुग्णाला नागपूरला मेरोपेनेम नावाचे ‘पावरचे’ इंजेक्शन चौदा दिवस दिले होते, मग आमच्या माणसाला साधे इंजेक्शन देऊन लवकर का काढून दिले, असा घरात वाद आहे. थुंकीच्या तपासणीवर पैसे गेले, पण तीत जंतू निघाला नाही, याचाही राग आहे. आता पुतण्याने मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सॅसिन या आणखी एका अँटिबायोटिकच्या सात गोळ्या आणून ठेवल्या आहेत. त्या द्याव्यात का, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण गोळ्या घरात येऊन पडल्या आहेत. लेव्होफ्लॉक्सॅसिन देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या सुट्टीच्या कार्डावरून आणि तपासण्यांच्या कागदांवरून मला असे दिसते की तुमच्या मामाजींवर, म्हणजे सासऱ्यांवर, झालेला उपचार योग्य होता, वेळेवर सुरू झाला होता आणि वेळेवर थांबला. मात्र खोकला सुरू होऊन आता जवळजवळ वीस दिवस झाले आहेत आणि त्यांना मधुमेह आहे, म्हणून एक तपासणी या आठवड्यातच करायला हवी. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. लेव्होफ्लॉक्सॅसिनला मी इतक्या स्पष्टपणे नाही म्हणतो, त्याचे मोठे कारणही त्या तपासणीतच आहे.

प्रथम दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल. न्यूमोनियाचा रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवताना डॉक्टर काही साध्या गोष्टी मोजतात: वय ६५ किंवा त्याहून अधिक आहे का, बोलण्यात गोंधळ आहे का, श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त आहे का, रक्तदाब घसरला आहे का आणि रक्तातील युरिया वाढला आहे का. मामाजींच्या कार्डावर श्वास २८, रक्तदाब ठीक, युरिया ठीक. परंतु वय आणि असंबद्ध बोलणे या दोन गोष्टी त्यांच्यात होत्या, आणि दोन असल्या की रुग्णाला भरती करावे असा संकेत आहे. म्हातारपणी न्यूमोनियात कित्येकदा ताप फारसा नसतो आणि घरच्यांना फक्त ‘बुढा बरळतो आहे’ एवढेच दिसते. अशा वेळी तुम्ही गाडी करून त्यांना हलवले, हे त्यांच्या बरे होण्यातले पहिले औषध होते. तेथे गेल्यावर पहिले इंजेक्शन काही तासांतच मिळाले, असे कागदावरील वेळेवरून दिसते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. अँटिबायोटिक जपून वापरा असे आम्ही म्हणतो तेव्हा काहींना वाटते की आम्ही औषधच नाकारतो आहोत. जिवाणूंमुळे झालेल्या गंभीर न्यूमोनियात पहिला डोस उशिरा मिळाला तर माणूस दगावू शकतो, आणि तिथे उगाच केलेला विलंब मला मान्य नाही.

आता ‘पावर’विषयी. आपल्या भागात हा शब्द मी रोज ऐकतो. पावरची गोळी, पावरचे इंजेक्शन, जरा पावर वाढवून द्या. या शब्दामागे अशी समजूत आहे की सगळी अँटिबायोटिक एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत. खालची पायरी स्वस्त आणि कमजोर, वरची महाग आणि जोरकस. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रत्येक औषध ठराविक जंतूंवर चालते, आणि मेरोपेनेमसारखे औषध ‘मोठे’ म्हटले जाते ते ते अनेक प्रकारच्या जंतूंवर चालते म्हणून. घरी असताना होणाऱ्या न्यूमोनियात जो जिवाणू सर्वाधिक आढळतो, तो न्यूमोकोकस, सेफ्ट्रिअॅक्सोनने सहसा उत्तम मरतो. तिथे मेरोपेनेम दिल्याने तो अधिक मेला असे होत नाही. सापाला कुऱ्हाडीने मारले काय आणि काठीने मारले काय, साप तितकाच मेलेला असतो. अॅझिथ्रोमायसिन सोबत दिले ते अशासाठी की मायकोप्लाझ्मासारखे काही जंतू सेफ्ट्रिअॅक्सोनच्या आटोक्यात येत नाहीत. दोन औषधे दिली ती दोन वेगळ्या शत्रूंसाठी होती.

याचे आपल्याच विदर्भातले एक उदाहरण सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर, गवत वाढलेले असताना, स्क्रब टायफसचे रुग्ण येतात. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्यांची संख्या फार वाढली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून हा आजार होतो, काखेत किंवा जांघेत काळी खपली धरते, आणि काही रुग्णांच्या फुप्फुसातही न्यूमोनियासारखी सूज येते. या आजारावर सेफ्ट्रिअॅक्सोन चालत नाही आणि ते महागडे मेरोपेनेमही चालत नाही. चालते ती डॉक्सिसायक्लिन, जिची गोळी काही रुपयांना मिळते. मी अशा रुग्णाचे नातेवाईक पाहिले आहेत, जे हजारो रुपयांची इंजेक्शने देऊनही ताप उतरत नाही म्हणून रडकुंडीला आले होते. अंगावरचे कपडे बाजूला सारून खपली शोधली, गोळी सुरू केली आणि दोन दिवसांत माणूस उठून बसला. या अनुभवानंतर औषधाच्या किमतीवरून त्याचा गुण ठरवणे मला फार दुःखदायक वाटते, कारण त्या किमतीपायी कुणाची तरी तूर भावाची वाट न पाहता बाजारात गेलेली असते.

शेजारच्या गावातील त्या रुग्णाला मेरोपेनेम चुकीचे दिले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांची हकीकत मला ठाऊक नाही. काही रुग्णांना ते लागतेच. दवाखान्यात भरती होऊन ४८ तास उलटल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, विशेषतः व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला, त्याचे जंतू वेगळे असतात. क्लेबसिएला, सुडोमोनास, असिनेटोबॅक्टर अशी त्यांची नावे आहेत, आणि त्यांच्यातील कित्येक साध्या औषधांना आता दाद देत नाहीत. तेथे सुरुवातच व्यापक औषधाने करावी लागते, मग दोन-तीन दिवसांनी जंतूचा अहवाल आल्यावर औषध अधिक नेमके करायचे असते. तुमचे मामाजी घरून आलेले होते, त्यांच्यात असा धोका दिसत नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर तर औषध लागू पडल्याचे स्पष्टच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकची तीन गटांत मांडणी केली आहे: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवायची. ज्याला तुमच्या घरात ‘साधे’ म्हटले गेले ते सेफ्ट्रिअॅक्सोन यातल्या दुसऱ्या, म्हणजे जपून वापरायच्या गटात आहे.

जपून का, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगायला मला फार कष्ट पडू नयेत. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, आणि काही वर्षे बोंडअळीचा विसरच पडला. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगरबीटी बियाण्याचे छोटे पाकीट येत असे; ते शेताच्या कडेने पेरायचे होते, म्हणजे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्यांची जात शिल्लक राहिली असती आणि बीटी पचवणाऱ्या अळीची पैदास वाढली नसती. किती जणांनी ते पेरले, हे आपण सगळे जाणतो. बहुतेकांच्या घरी ते पाकीट कोनाड्यात पडून राहिले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस आतून पोखरला, बोंड फोडले की आत सरकी खाऊन बसलेली अळी दिसायची. जंतूंचेही असेच होते. आपल्या आतड्यात, घशात, कातडीवर असंख्य जंतू राहतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवी आणि कित्येक उपयोगी असतात. अँटिबायोटिक पोटात गेले की ते न्यूमोनियाच्या जंतूबरोबर यांनाही मारते, आणि जे थोडे औषध पचवणारे असतात ते मोकळ्या रानात वाढतात. औषध जितके व्यापक आणि जितके जास्त दिवस, तितके हे रान मोकळे होते. पुढच्या खेपेस त्याच माणसाला, किंवा त्याच घरातल्या बाळाला, लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग झाला की तो या वाचलेल्या जंतूचा असण्याची शक्यता वाढते. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

थुंकीच्या तपासणीबद्दल तुमची नाराजी मी समजू शकतो. पैसे गेले आणि कागदावर ‘वाढ आढळली नाही’ एवढेच आले. परंतु भरती होण्यापूर्वी मामाजींना तीन दिवस सुया लागल्या होत्या. त्या सुयांत कोणते औषध होते हे तुम्हाला सांगितले गेले नाही, कुठल्याही कागदावर ते लिहिलेले नाही, आणि मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल पट्टीतून कापून सुट्या दिलेल्या होत्या. एखादे अर्धेमुर्धे अँटिबायोटिक आधीच पोटात गेले असेल तर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाही, पण फुप्फुसात तो जिवंत राहू शकतो. शिवाय उत्तमातल्या उत्तम रुग्णालयांतही न्यूमोनियाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नेमका जंतू सापडत नाही, म्हणून रिकामा अहवाल म्हणजे डॉक्टरांनी अंधारात औषध दिले असा अर्थ होत नाही. रुग्णाचे वय, लक्षणे, छातीचा फोटो आणि त्या भागात आढळणारे जंतू यांवरून पहिले औषध निवडलेले असते. पुढे कधी गावात सुई घ्यावी लागलीच, तर कोणते औषध दिले ते चिठ्ठीवर लिहून मागा, आणि लिहून मिळाले नाही तर ती रिकामी बाटली रुमालात गुंडाळून ठेवा. मोठ्या दवाखान्यात ती बाटली आम्हाला फार उपयोगी पडते.

इंजेक्शन बंद करून गोळ्या दिल्या, याचाही घरात काहींना राग आहे. सलाईन चालू असेपर्यंत उपचार चालू, सलाईन निघाली की उपचार संपला, असे आपल्याकडे मानले जाते. खरे म्हणजे गंभीर आजारात सुरुवातीला शिरेतून औषध द्यावे लागते ते त्या वेळी रुग्ण नीट गिळू शकत नाही आणि औषध रक्तात लगेच पोहोचायला हवे असते म्हणून. ताप उतरला, नाडी आणि श्वास ताळ्यावर आला, माणूस भाकर-वरण खाऊ लागला की गोळीतले औषधही जिवाणूपर्यंत पोहोचतेच. उलट हातातली सुई जितके दिवस राहील तितकी शीर सुजण्याची, त्या जागेतून नवा जंतू रक्तात शिरण्याची भीती वाढते. मामाजींच्या कार्डावर पाचव्या दिवसाच्या नोंदी आहेत: दोन दिवस ताप नाही, नाडी ८८, श्वास २०, ऑक्सिजन न लावता ९६. या चार आकड्यांवर मीही इंजेक्शन थांबवले असते.

राहिला तो दिवसांचा आणि फोटोतल्या डागाचा प्रश्न. घरी असताना झालेल्या न्यूमोनियात, रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारत असेल, तर किमान पाच दिवस औषध पुरते असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२ च्या सूचनांतही अशा न्यूमोनियासाठी पाच दिवस व दवाखान्यात झालेल्या न्यूमोनियासाठी आठ दिवस दिले आहेत. मधुमेह आणि वय पाहून तुमच्या डॉक्टरांनी सात दिवस दिले, ते अगदी रास्त होते. औषध किती दिवस द्यायचे ते माणसाच्या सुधारण्यावरून ठरते, फोटोवरून ठरत नाही. जिवाणू मेल्यानंतरही फुप्फुसात त्यांचा कचरा, पाणी आणि सूज उरते. शरीर ते हळूहळू झाडून काढते. साठी ओलांडलेल्या, मधुमेही माणसात हा डाग पुसला जायला सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. शेत पेटून विझल्यावर राख काही दिवस राहते, तिच्यावर पुन्हा पाणी मारत बसण्यात अर्थ नसतो.

हे मी आज शांतपणे लिहितो आहे, पण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला ते कळत नव्हते. वाशीम भागातला एक साठीचा शेतकरी माझ्या वॉर्डात होता. पाचव्या दिवशी तो ठणठणीत झाला होता, घरी सोडा म्हणून हात जोडत होता, घरी सोंगणी खोळंबली होती. फोटोत डाग दिसतो म्हणून मी त्याला चौदा दिवस इंजेक्शनांवर ठेवले, आणि मधेच अधिक व्यापक औषधाकडे वळलो. बाराव्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले, दिवसाला पंधरा-वीस वेळा, पोट फुगले, लघवी कमी झाली. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मारले गेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू तेथे माजतो आणि असे जुलाब होतात. तो न्यूमोनियातून सुटलेला माणूस माझ्या औषधामुळे मरता मरता वाचला. त्याच्या बायकोने जाताना माझ्या पाया पडून आभार मानले. ते आभार माझ्या मनाला आजही बोचतात. फ्रान्समध्ये मध्यम गंभीर न्यूमोनियाच्या, भरती झालेल्या आणि तीन दिवसांत स्थिरावलेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन दिवसांवर औषध थांबवलेले रुग्ण आठ दिवस औषध घेतलेल्यांइतकेच बरे झाले. तो अभ्यास वाचताना मला पहिल्यांदा तो शेतकरी आठवला. मामाजींना तीन दिवस पुरे झाले असते असे मी म्हणत नाही. सात दिवसांनंतर आणखी सात दिवस वाढवण्याला आधार नाही, एवढेच सांगतो.

आता लेव्होफ्लॉक्सॅसिन. हे चांगले औषध आहे, आणि म्हणूनच ते इथे नको. क्षयरोगाच्या जंतूवरही ते काही प्रमाणात चालते. मामाजींचा खोकला क्षयरोगाचा असेल तर या सात गोळ्यांनी तो काही दिवस दबेल, भूक सुधारेल, सगळे म्हणतील पुतण्याने अचूक औषध आणले. आणि दोन महिन्यांनी तो आजार पुन्हा डोके वर काढेल, तेव्हा फुप्फुस अधिक खराब झालेले असेल, घरातल्या लहान मुलांपर्यंत जंतू पोहोचलेला असेल आणि तपासणीत तो पकडणेही कठीण झालेले असेल. मधुमेही माणसाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकी तपासायची, हा आपल्या देशातला नियम आहे. याखेरीज या औषधाने मधुमेहींची रक्तातली साखर अचानक खाली जाऊ शकते, विशेषतः ते ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर, आणि तुमच्या यादीत ती गोळी आहे. साठीनंतर या औषधाने टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावल्याचीही उदाहरणे आहेत. पुतण्याचा हेतू चांगला आहे, त्याला रागावू नका. पण त्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल ती त्याला दाखवा. लेव्होफ्लॉक्सॅसिन, सेफ्ट्रिअॅक्सोन, मेरोपेनेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून कायद्याने एच-१ या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची असते. चिठ्ठी नसताना त्या मिळाल्या, हीच मुळात चूक झाली.

क्षयरोगासाठीची ही थुंकीची तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत होते, तेथे नसेल तर नमुना पुढे पाठवतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर ती करा असे सांगा. नमुना कसा द्यायचा यावर तपासणीचा खरा निकाल अवलंबून असतो, म्हणून हे नीट करून घ्या. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, मामाजींनी साध्या पाण्याने दोनदा चूळ भरावी. उघड्यावर, शक्यतो अंगणात, उभे राहून दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि पोटापासून खोकून जो घट्ट बेडका येईल तो डबीत टाकावा. तोंडातली पातळ लाळ चालत नाही. ती दिली तर अहवाल निर्दोष येतो आणि आजार तसाच राहतो. झाकण घट्ट लावून डबी त्याच सकाळी पोहोचवावी. छातीचा फोटो पुन्हा भरती झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी काढा, आणि त्या वेळी जुने दोन्ही फोटो सोबत न्या. मामाजी तरुणपणापासून बिडी ओढतात असे तुम्ही लिहिले आहे. डाग तेव्हाही तसाच राहिला तर सीटी स्कॅन करून गाठ नाही ना याची खात्री करावी लागेल.

मधल्या काळात त्यांच्याकडे लक्ष ठेवताना घड्याळ वापरा. ते शांत बसलेले असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजा. २४ च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन करा, ३० च्या वर गेला तर गाडी काढा. पुन्हा ताप भरला, बोलणे असंबद्ध झाले, जेवण सुटले, छातीत एका बाजूला श्वासागणिक कळ येऊ लागली, किंवा आशाताईंकडच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली राहिला, तर थांबू नका. आणि असे झाले तर पहिला विचार ‘औषध कमी पडले’ असा करू नका. फुप्फुसाच्या भोवती पाणी किंवा पू साचला असेल तर कितीही मोठे इंजेक्शन तेथे पोहोचत नाही, तो पू नळी घालून काढावा लागतो, आणि त्यासाठी सोनोग्राफी लागते. डॉक्टरांशी बोलताना ‘पावर वाढवा’ म्हणण्याऐवजी ‘ताप पुन्हा का आला असेल, आणि ते कोणत्या तपासणीने कळेल’ असे विचारा. घरचे लोक असा प्रश्न करतात तेव्हा आम्ही डॉक्टरही थांबून विचार करतो. उगीच औषध बदलून त्यांचे समाधान करण्याचा मोह आवरतो. भरती असताना तिसऱ्या दिवशी हे अँटिबायोटिक अजून लागते का, बदलायचे का, गोळीवर आणायचे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पत्राच्या शेवटी, कडेला, तुम्ही विचारले आहे की दवाखान्यातून आणलेल्या अॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या शिल्लक आहेत, त्या लहान मुलाला सर्दीसाठी चालतील का. चालणार नाहीत. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर ही गोळी काहीच करत नाही, आणि मोठ्या माणसाच्या गोळीचा डोस मुलाला अंदाजाने देणे धोक्याचे आहे. त्याला कोमट पाणी, अंगावर उबदार कपडे आणि नाक मोकळे करायला मिठाच्या पाण्याचे थेंब पुरे आहेत. तो भराभर श्वास घेऊ लागला, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडू लागला, किंवा तो खाणे-पिणे सोडून मलूल झाला, तर मात्र दवाखाना गाठा. त्या दोन गोळ्या आणि पुतण्याने आणलेली पट्टी थुंकीची डबी पोहोचवायला जाल तेव्हा सोबत न्या आणि तेथील औषध विभागात द्या. मामाजींना न्यूमोकोकसची आणि फ्लूची लस केव्हा द्यायची, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.